पक्षी अचानक जातो तेव्हा

रात्री झोक्यावर बसलेला पक्षी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित सापडतो. ना आजाराची चाहूल, ना जखम. अशा मृत्यूमागे काय घडलेलं असू शकतं, त्याचा छडा कसा लावायचा आणि छडा लागलाच नाही तर मनाला कसं सावरायचं?

"काल संध्याकाळी तर दाणे टिपत होता हो!" पाळलेला पक्षी अचानक गेला की घरातलं माणूस आधी हेच बोलतं. त्यामागोमाग, आवाज खाली आणून, प्रश्न येतो : "आमच्याकडून काही राहिलं का?" पहिल्या वाक्यात धक्का आहे, दुसऱ्यात अपराधी भावना. पक्ष्याच्या शरीराची ठेवण थोडी समजून घेतली तर दोन्हींचा भार पुष्कळ हलका होतो. म्हणून आधी शरीराकडे वळू.

आजार झाकणारा जीव

आपल्या बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून विकला जाणारा हिरवा-पिवळा किंवा निळा पक्षी बहुतेक वेळा बजरिगर असतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवर थव्याने राहणारा हा छोटा पोपट. जॉन गूल्ड या पक्षी-अभ्यासकाने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडात नेला आणि पुढे तो जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचला. त्याचं वजन ३० ते ४० ग्रॅम. शेंडीवाला कॉकाटेल त्याहून मोठा, तरी शंभर ग्रॅमच्या आसपासच. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढूनही दोघांच्या अंगातली रानातली सवय गेलेली नाही. थव्यात जो मलूल दिसतो त्याच्यावर ससाण्याची नजर आधी पडते. म्हणून आजारी पक्षी अंगात बळ असेपर्यंत ताठ बसतो, साद देतो, वाटीपाशी जाऊन दाणे चोचीत घोळवतो. प्रत्यक्षात पोटात फार थोडं जातं. छातीचं मधलं हाड टोकदार होऊन वर आलेलं असतं, पण पिसांमुळे बाहेरून अंग भरलेलंच दिसतं.

पिसं फुगवून गोळा होऊन बसणं, दिवसा डोळे मिटणं, श्वासागणिक शेपटी खालीवर होणं, दांडी सोडून तळाशी उतरणं ही लक्षणं दिसू लागतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. एवढ्याशा देहात शिलकीची शक्ती नसते. एक दिवस पोटात अन्न गेलं नाही तरी जिवावर बेततं. आपल्याला जो मृत्यू अचानक वाटतो तो कित्येकदा आतल्या आत काही आठवडे चाललेला असतो.

वयाचंही तसंच. बजरिगर साधारण पाच ते दहा वर्षं जगतो. पण दुकानातून आणलेल्या पक्ष्याचं खरं वय अनेकदा कुणालाच ठाऊक नसतं. 'दोनच वर्षं झाली आणून' असं आपण म्हणतो, तेव्हा तो आपल्याकडे आला त्याच दिवशी किती वर्षांचा होता, हा प्रश्न अनुत्तरित असतो.

हवा, दाणे, धातू

पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं नसतं. त्याच्या शरीरात हवेच्या पातळ पिशव्या असतात आणि त्यांच्यामुळे श्वास घेताना व सोडतानाही फुप्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा भरपूर प्राणवायू त्यातून मिळतो. हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने रक्तात उतरतं. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ब्रिटनच्या कोळसाखाणींत कॅनरी पक्षी नेऊ लागले ते याच कारणासाठी. विषारी वायूने माणूस कोसळण्याआधी कॅनरी कोसळायची. इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी तिची जागा घ्यायला १९८६ साल उजाडलं.

आपल्या घरांत खाणीतला वायू नसतो, पण नॉनस्टिक तवा असतो. तो गॅसवर रिकामा राहून फार तापला की त्याच्या थरातून निघणारा वायू स्वयंपाकघरालगतच्या खोलीतल्या पक्ष्यालाही काही मिनिटांत मारू शकतो. माणसाला त्या वेळी वासही जाणवत नाही. मच्छर अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, ताजा रंग, दिवाळीतला फटाक्यांचा धूर, हे सारं पक्ष्याच्या छातीला जड जातं.

दुसरं कारण वाटीत असतं. वर्षानुवर्षं नुसतं राळं, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या पक्ष्याला जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम पुरेसं मिळत नाही. यकृतावर चरबी साठते, रक्तवाहिन्या कठीण होतात आणि एखाद्या दिवशी हृदय थांबतं. कॅल्शियम कमी पडलेल्या मादीचं अंडं आतच अडकतं. नर नसतानाही मादी अंडी देते, हे ठाऊक नसल्याने तिच्या त्रासाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पिंजऱ्यात समुद्रफेस आणि वाटीत पालेभाजी, किसलेलं गाजर हवं ते यासाठी.

याशिवाय पिंजऱ्याच्या तारांवरचा जस्ताचा मुलामा कुरतडल्याने होणारी विषबाधा आहे, अॅव्होकॅडो किंवा चॉकलेटचा तुकडा आहे, जंतुसंसर्ग आहे. अंधारात दचकून जाळीवर आपटणं आहे. कॉकाटेलमध्ये हे विशेष दिसतं. ही यादी उरलेल्या पक्ष्यांना जपण्यासाठी आहे. गेलेल्या पक्ष्याच्या मालकाने ती स्वतःवरच्या आरोपपत्रासारखी वाचू नये. यातली निम्मी कारणं तरी डोळ्यांना दिसणारी नाहीत.

उत्तर हवं असेल तर

कारण शोधण्याचा खात्रीचा मार्ग एकच : शवविच्छेदन. त्यासाठी घाई करावी लागते, कारण पिसांमुळे देहातली ऊब टिकते आणि आतले अवयव लवकर बिघडतात. हातमोजे आणि मास्क घालून देह साबणाच्या गार पाण्याने पिसांच्या मुळापर्यंत भिजवावा, दोन पिशव्यांत बांधावा आणि बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या खोक्यात गार ठेवावा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. गोठलेल्या पेशी तपासणीला निरुपयोगी होतात. शक्यतो चोवीस तासांच्या आत तो पोहोचवावा. मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत; पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग निदान करणारी प्रयोगशाळा आहे. नेण्याआधी फोन करून विचारावं. तपासणीनंतरही कधी कधी कारण सापडत नाही, याची मनाची तयारी असावी.

काही वेळा तपासणी टाळता येत नाही. एकापाठोपाठ एक पक्षी मेले, किंवा परिसरात कावळे-कोंबड्या मरत असतील तर पशुसंवर्धन विभागाला कळवावंच. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आढळला होता. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजारही लक्षात ठेवावा. घरात कुणाला ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना 'घरात पक्षी होता आणि तो मेला' हे आवर्जून सांगावं. योग्य प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो. ग्रे पॅरट, मकाव यांसारखा परदेशी पक्षी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेला असेल तर त्याचा मृत्यूही तिथे कळवावा लागतो.

बाण दिसत नाही तेव्हा

रामायणाच्या आरंभी क्रौंचवधाची कथा आहे. तमसा नदीच्या काठी जोडीतला नर बाण लागून पडतो, मादी आक्रोश करते आणि ते पाहून वाल्मीकींच्या तोंडून शाप निघतो. एका पक्ष्याच्या मरणाने ऋषी हेलावला, हे आपल्या परंपरेने अभिमानाने सांभाळून ठेवलं आहे. पण त्या कथेत बाण मारणारा निषाद समोर उभा आहे. संतापाला दिशा आहे. घरातला पक्षी अकस्मात जातो तेव्हा बाण कुठून आला तेच दिसत नाही. शाप द्यायला कुणी सापडलं नाही की माणूस तो स्वतःलाच देतो. 'खिडकी उघडी राहिली म्हणून', 'परवा पाणी उशिरा बदललं म्हणून'. कारणाच्या रिकाम्या जागी अपराधी भावना येऊन बसते. दोष माझा असेल तर निदान हे टाळता आलं असतं, असं मनाला वाटतं. ज्यावर आपलं काहीच चालत नव्हतं ते मान्य करण्यापेक्षा मनाला हे सोपं जातं.

यावर एक साधा उपाय आहे. कागदावर दोन रकाने करावेत. एकात त्या वेळी आपल्याला काय माहीत होतं ते लिहावं, दुसऱ्यात नंतर काय कळलं ते. जबाबदारी पहिल्या रकान्यापुरतीच असते. दुसऱ्या रकान्यातलं ज्ञान पुढच्या पक्ष्याच्या उपयोगी पडतं. त्या ज्ञानाने मागे जाऊन स्वतःला शिक्षा करणं अन्यायाचं आहे.

'पक्षीच तर होता, दुसरा आण' या वाक्याने जखम आणखी खोल जाते. समाज ज्याला दुःख मानत नाही अशा दुःखावर अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक आणलं. अशा दुःखात रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही आणि रडणाऱ्यालाच संकोच वाटतो. एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरात दिवसभर त्यांना साद घालणारा जीव तो एकच असेल, तर त्याच्या जाण्याने त्यांचा सगळा दिवस बदलतो. त्यांना रडू द्यावं. कुंडीतल्या झाडाखाली त्याला पुरावंसं वाटलं, चार दाणे ठेवून हात जोडावेसे वाटले, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. संसर्गाची शंका असेल तेव्हा मात्र आधी पशुवैद्यकाला विचारावं.

मुलं आणि उरलेला जोडीदार

मुलांना 'उडून गेला' किंवा 'झोपला' असं सांगू नये. लहान मूल मग खिडकीत वाट पाहत बसतं, नाहीतर झोपेलाच घाबरतं. 'त्याचं शरीर काम करायचं थांबलं, आता तो परत येणार नाही, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही' इतकं स्पष्ट सांगावं. शेवटचं वाक्य तर न विचारताच सांगावं, कारण ती भीती मूल बोलून दाखवत नाही. गुपचूप त्याच रंगाचा पक्षी आणून ठेवणं ही फसवणूक आहे; मुलांच्या ती लक्षात येते.

जोडीतला मागे राहिलेला पक्षी साद देत राहतो, कमी खातो. त्याच्याजवळ जास्त वेळ बसावं, बोलावं. लगेच नवा पक्षी आणून शेजारी ठेवू नये. आणलाच तर किमान महिनाभर वेगळ्या खोलीत. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला मागे राहिलेल्या पक्ष्याचं वजन करून लिहून ठेवावं. पिसं जे लपवतात ते काटा सांगतो.

ज्यांच्या घरातून पक्षी गेला आहे त्यांना 'कशाने गेला?' असं विचारण्याआधी त्याचं नाव विचारा, त्याच्या खोड्या विचारा. आणि ज्यांना कारण कधीच कळणार नाही त्यांनी 'मला ठाऊक नाही' हे उत्तर मोकळ्या मनाने स्वीकारावं. त्यात निष्काळजीपणाची कबुली नसते. चाळीस ग्रॅमच्या देहात काय चाललं आहे हे बाहेरून ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. ते आपल्याला जमलं नाही, म्हणून आपली माया कमी पडली असं होत नाही.