टू-स्ट्रोकची देखभाल : आटे कोरडे की तेलकट?

या आठवड्यात मॅग्नेट उघडायचं ठरलं होतं. ते पुढच्या भागात. देवगडच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो मॅग्नेटच्या आधी सुटायला हवा, कारण त्याचं उत्तर ठाऊक नसेल तर मागच्या वेळचा टॉर्कचा तक्ता निम्माच कामाचा.

ते लिहितात, ‘आमची हवा खारी. आरएक्स-१०० च्या साइड कव्हरचे स्क्रू दोन पावसाळ्यांत ॲल्युमिनिअमला असे धरतात की डोकं झिजतं, पण स्क्रू हलत नाही. म्हणून मी सगळ्या आट्यांना ग्रीस फासतो. मेकॅनिक म्हणतो, तेलकट आटे सैल होतात, कोरडेच बसवा. कोणाचं ऐकू?’

आवळताना आत काय घडतं ते आधी पाहू. नट वायसरला टेकेपर्यंत काहीच झालेलं नसतं. टेकल्यानंतर पाना जेवढा फिरतो, तेवढा स्टड ताणला जातो. १०० मिलिमीटर लांबीचा ८ मिमीचा स्टड १५ न्यूटन-मीटरला आवळला, तर तो सुमारे एक दशांश मिलिमीटर लांबतो. ताणलेलं पोलाद परत आखडू पाहतं आणि त्या ओढीने हेड सिलिंडरवर दाबलं जातं. आपल्याला हवी असते ती ही ओढ. पण ती मोजायचं साधन गॅरेजमध्ये नसतं, म्हणून आपण पान्याचा पीळ मोजतो आणि त्यावरून ओढीचा अंदाज बांधतो.

हा अंदाज किती नाजूक आहे पाहा. पान्यावर लावलेला पीळ शंभर भाग धरला, तर जवळपास पन्नास भाग नटाचं बूड वायसरवर घासण्यात जातात, चाळीसेक भाग आट्यांच्या घर्षणात जातात आणि स्टड ताणायला उरतात जेमतेम दहा. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. नव्वद भाग खाणारं घर्षण थोडंसं जरी बदललं, तरी उरलेल्या दहाचे तेरा व्हायला वेळ लागत नाही.

आता देवगडचाच स्क्रू घेऊ. ६ मिमीचा, तक्त्याप्रमाणे ६ न्यूटन-मीटर. कोरड्या स्वच्छ आट्यांवर त्यातून सुमारे ५१० किलोची ओढ मिळते. आट्यांना इंजिन ऑइल लावून तेवढाच पीळ दिला, तर ती ६८० च्या आसपास जाते. कॉपर ग्रीस लावलं, तर साधारण ८५०. टॉर्क रेंच तिन्ही वेळा तोच आकडा दाखवणार, तसाच ‘टक्’ वाजणार. स्क्रू पोलादाचा, तो हे सोसेल. केसिंगमधले आटे ॲल्युमिनिअमचे असतात आणि ते आधी उपटून येतात. खोलताना स्क्रूच्या आट्यांत चांदीसारखी भुकटी अडकलेली दिसली, तर ते आटे निघायला लागले आहेत असं समजावं.

यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या तक्त्याच्या बरोबर अट लिहिलेली असते: आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत, भाग खोलीच्या तापमानाला असावेत. लोक आकडे पाठ करतात आणि ही ओळ सोडून देतात. माझ्या मते ती आकड्यांहून महत्त्वाची. उलट बाजूही लक्षात घ्या. गंजलेल्या, मातीने भरलेल्या आट्यांवर घर्षण वाढतं, सहाचा ‘टक्’ वाजतो आणि ओढ निम्मीसुद्धा आलेली नसते. कच्च्या रस्त्यावर, चिखलात चालणाऱ्या गाडीत ही दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते. म्हणून आवळण्याआधी तारेचा ब्रश, रॉकेल आणि कोरडं फडकं. एवढं केल्याशिवाय टॉर्क रेंच हातात घेऊच नये.

टू-स्ट्रोकमध्ये कमी ओढ इतकी महाग का पडते, तेही सांगायला हवं. फोर-स्ट्रोकचं क्रँककेस थोडं सैल राहिलं तर तेल पाझरतं, आपल्याला डाग दिसतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना तिथे हवा-पेट्रोल-तेलाचं मिश्रण खेचलं जातं. कार्ब्युरेटर आणि रीड व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डचे बोल्ट किंवा सिलिंडरच्या बुडाचे नट ढिले असतील, तर त्या फटीतून नुसती हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, तेलही कमी पोचतं आणि चढावर फुल थ्रॉटलला इंजिन धरतं. बाहेरून मात्र अनेकदा काहीच दिसत नाही. गाडी गरम झाल्यावर थ्रॉटल सोडूनही इंजिन चढ्या आवाजात फिरत राहिलं, तर आधी हे बोल्ट पाहा, मग जेट.

आता मेकॅनिकची शंका. तेलकट नट सैल होतो का? गेऱ्हार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की, नट सुटतो तो प्रामुख्याने जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकतात तेव्हा. ओढ पुरेशी असेल तर भाग सरकत नाहीत आणि नटही सुटत नाही. म्हणजे पहिला पहारेकरी ओढ. मेकॅनिकची भीती अगदीच निराधार नाही, कारण घर्षण कमी असलेला नट भाग सरकू लागल्यावर लवकर फिरतो. पण भाग सरकू न देणं आपल्याच हातात आहे.

तर देवगडकरांनी ग्रीस लावावं. खाऱ्या हवेत पोलाद आणि ॲल्युमिनिअम एकत्र आले की ॲल्युमिनिअम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आटे जाम करते. तिथे कोरडा स्क्रू ठेवणं मला पटत नाही. मात्र ग्रीसचा बारीक हातच फिरवावा आणि पीळ घटवावा. तेल असेल तर सहाच्या जागी साडेचार, कॉपर ग्रीस असेल तर साडेतीन-चार. एवढ्या लहान आकड्यांना मोटारीच्या चाकांचा मोठा टॉर्क रेंच चालत नाही; त्याच्या पट्टीच्या तळाशी तो भरवशाचा नसतो. लहान रेंच घ्या.

तीन जागा मात्र कोरड्याच ठेवायच्या. पहिली, बंद तळाची भोकं. तिथे तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर उतरणारा बोल्ट त्याला दाबतो, द्रव दबत नाही आणि केसिंगला चीर जाते. भोक फुंकून, कापडाने टिपून घ्या, ग्रीस बोल्टलाच लावा. दुसरी, स्पार्क प्लग. एनजीकेचे प्लग मुलामा दिलेले असतात, त्यांना काही लावायची गरज नाही असं कंपनीच सांगते. नवा १४ मिमीचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग पुन्हा बसवताना वायसर आधीच चेपलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा भाग पुरे.

तिसरी जागा क्रँकच्या टोकाचा निमुळता भाग, ज्यावर मॅग्नेट बसतं. तिथली पकड निमुळतेपणाच्या घर्षणाची असते, चावी फक्त टायमिंग जागेवर ठेवते. तिथे तेलाचा थेंबही राहिला तर चावी कापली जाऊ शकते. ते पुढच्या आठवड्यात सविस्तर. तोवर मॅग्नेट पुलर मिळवून ठेवा. हातोडीने मॅग्नेट काढायचं नाही.