हँडगनची गोळी: रुंद जखम की खोल?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारे बहुतेक लोक रायफल नेतात. काही जण मात्र मुद्दाम रिव्हॉल्व्हर निवडतात. कुणाला जनावराच्या जवळ जाऊन नेम साधायचा असतो, तर कुठे कायद्यानेच तशी वेळ आणलेली असते. इलिनॉय राज्यात हरणासाठी रायफल वापरायला दीर्घकाळ बंदी होती, पण शॉटगन आणि हँडगन चालत असत. सपाट शेतजमिनीवर रायफलची चुकलेली गोळी फार दूर जाते, ही त्यामागची भीती. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, त्यामुळे हा विषय आपल्याकडे व्यवहाराचा नाही. पण हँडगनची गोळी नेमके काय करते, हे समजले की शिकारी लोक तिच्या आकारावर इतका वाद का घालतात ते कळते.

इथे गोळी म्हणजे काडतुसाचा फक्त पुढचा, नळीतून बाहेर उडणारा तुकडा. तिचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन.

आधी ताकदीचा हिशेब पाहू. .३०-०६ या जुन्या लोकप्रिय रायफल काडतुसाची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८८० मीटर वेगाने निघते आणि तिच्यात सुमारे ३,८०० ज्यूल ऊर्जा असते. .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची २४० ग्रेनची गोळी जास्त जड आणि जाड, पण वेग ४१०च्या आसपास. ऊर्जा जेमतेम १,३०० ज्यूल, म्हणजे रायफलच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. त्याहून महत्त्वाचा फरक वेगाचा आहे. रायफलच्या वेगाला गोळीभोवतीचे मांस जोरात बाहेर फेकले जाते आणि ताणून फाटते. हँडगनच्या वेगाला ते ताणले जाते आणि बरेचसे परत जागेवर येते. त्यामुळे गोळीने प्रत्यक्ष जेवढे चिरले तेवढीच खरी जखम. ती मोठी करायचे दोनच मार्ग: गोळीची वाट रुंद करायची किंवा लांब करायची.

अडचण अशी की ताकदीची पुंजी ठरलेली असते. रुंदीवर जास्त खर्च केला की खोलीसाठी कमी उरते. गोळ्यांचे सगळे प्रकार म्हणजे या वाटणीची निरनिराळी उत्तरे आहेत.

रुंदीकडे झुकलेली गोळी म्हणजे हॉलो पॉइंट. तिच्या टोकाला पोकळी असते. गोळी शरीरात शिरली की ओले मांस त्या पोकळीत दाबाने घुसते आणि टोकाच्या कडा बाहेर उलगडतात. व्यास दीडपट किंवा त्याहूनही वाढतो, वाट रुंद होते, पण अडथळाही वाढतो आणि गोळी लवकर थांबते. सॉफ्ट पॉइंटमध्ये तांब्याच्या वेष्टनातून शिशाचे टोक उघडे ठेवलेले असते. ते सावकाश चपटे होते, म्हणून गोळी थोडी अधिक खोल जाते. खोलीकडे पूर्ण झुकलेली गोळी म्हणजे हार्ड कास्ट. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ओतलेली ही कठीण गोळी जवळजवळ उलगडतच नाही. तिचे काम रुंद, सपाट टोकावर चालते. गोलसर टोक मांस बाजूला सारत सरकते. सपाट टोक ते समोरून चिरडत जाते आणि हाडाला लागूनही वाट फारशी सोडत नाही.

या सपाट टोकामागे आयडाहोतील पशुपालक आणि लेखक एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांची खटपट आहे. त्यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस सपाट टोकाची, धारदार खांद्याची ओतीव गोळी आखली आणि .४४ स्पेशलच्या काडतुसात जास्त दारू भरून ती वापरली. त्यांच्या पाठपुराव्यातून १९५५च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी .४४ मॅग्नम आणले. आजही हँडगनने शिकार करणारे बाकीच्या काडतुसांची तुलना त्याच्याशीच करतात.

आता जनावराकडे येऊ. व्हाइटटेल हरणाची कातडी पातळ, बरगड्या हलक्या. ते आडवे उभे असेल तर पुढच्या पायामागून शिरलेल्या गोळीला दोन्ही फुफ्फुसे भेदायला फार खोल जावे लागत नाही. म्हणजे रुंदीवर खर्च करायला वाव आहे. .४४ मॅग्नममध्ये २४० ग्रेनची हॉलो पॉइंट किंवा सॉफ्ट पॉइंट इथे चांगली निवड ठरते. १९३५ साली आलेल्या .३५७ मॅग्नममध्ये पुंजीच कमी. म्हणून १५८ ते १८० ग्रेनची, सावकाश उलगडणारी गोळी घेऊन अंतर कमी ठेवावे. स्वसंरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या हॉलो पॉइंट गोळ्या मात्र टाळाव्यात. त्या लवकर उलगडून लवकर थांबाव्यात अशाच आखलेल्या असतात. हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसल्या तर जखम वरवरची राहते आणि घायाळ जनावर निसटते.

अस्वलाचा हिशेब वेगळा. ग्रिझली अस्वलाला अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर संरक्षण असल्याने तिथे शिकार होते ती काळ्या अस्वलाची. हिवाळ्यापूर्वी त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर साचतो, खांद्याची हाडे दणकट, वर दाट केस. चरबी छोटे भोक बुजवते आणि केस रक्त शोषून घेतात. जमिनीवर रक्ताचा माग उरत नाही. म्हणून गोळी आरपार जावी, दुसऱ्या बाजूला खालच्या अंगाला भोक पडावे, यावर शिकाऱ्यांचा भर असतो. .४४ मॅग्नममध्ये २४० ग्रेनची घट्ट बांधणीची सॉफ्ट पॉइंट किंवा ३०० ग्रेनच्या आसपासची सपाट टोकाची हार्ड कास्ट ते काम करते. अलास्कात तपकिरी अस्वलांच्या भागात लोक संरक्षणासाठी हँडगन बाळगतात, तेव्हाही तिच्यात बहुधा हार्ड कास्टच भरतात. .४५४ कॅसुल किंवा २००३ साली आलेले .५०० स्मिथ अँड वेसन ही पुंजी वाढवतात. पण हिसका इतका असतो की पुष्कळांचा नेम त्यातच बिघडतो.

अंतर वाढले की ही निवड पुन्हा तपासावी लागते. .४४ची गोळी शंभर मीटरवर पोहोचेपर्यंत वेग ४१० वरून सव्वातीनशेच्या घरात येतो. हॉलो पॉइंट ठरावीक वेगाच्या टप्प्यातच नीट उलगडते. त्याहून मंद झाली तर बंदच राहते, त्याहून वेगवान असली तर फुटून तुकडे होतात. हार्ड कास्टला ही अट नाही, कारण तिचे रुंद टोक आधीपासूनच तयार असते.

धातूचा प्रश्नही आहे. शिशाचे बारीक कण टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात आणि ते खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात काँडोर या गिधाडाच्या रक्षणाचा मुद्दा पुढे आला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे कोणत्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. पर्याय म्हणजे अखंड तांब्याची हॉलो पॉइंट. ती पाकळ्यांसारखी उलगडते, पण सहसा एकसंध राहते आणि खोल जाते. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात जास्त जागा खाते. म्हणून तांब्याची गोळी थोडी हलकी घेतात.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक तपासणी हवी. जड गोळीच्या हिसक्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकून काडतुसांचे फिरते सिलिंडर अडकू शकते. काडतुसाची कड गोळीच्या खाचेत घट्ट दाबलेली असली की हा धोका टळतो. ती पक्की आहे का, हे नेमबाजीच्या मैदानावरच पाहून घ्यावे: सिलिंडर भरून एक सोडून बाकीचे बार काढायचे आणि उरलेल्या काडतुसाची लांबी मोजायची.

निवडीचा क्रम असा ठेवावा. आधी राज्याचा नियम: काही ठिकाणी उलगडणारीच गोळी सक्तीची असते, काही ठिकाणी किमान ऊर्जा ठरवलेली असते. मग जनावर आणि ते किती अंतरावर, कोणत्या कोनात मिळेल याचा अंदाज. त्यातून उतरलेल्या दोन-तीन गोळ्या आपल्याच बंदुकीतून कागदावर झाडून पाहाव्यात आणि सगळ्यांत जवळजवळ भोके पाडणारी घ्यावी. शेवटी अंतराची मर्यादा त्या कागदावरून ठरवावी: दर वेळी गोळी फुफ्फुसाएवढ्या वर्तुळात बसते तिथवरच बार काढायचा. त्यापलीकडे उत्तम गोळीही जनावराला नुसते घायाळ करते.