मांड सुटल्यावर

घोड्यावर बसता येणं वेगळं आणि मांड असणं वेगळं. मांड हातात नसते, ती मांड्यांत आणि जांघेत असते. लगाम वगैरे नंतरच्या गोष्टी. म्हणून तर शिकाऊ पोराला रिकिबीत पाय घालू न देता गोल गोल फिरवतात. १७ जून १९५६ रोजी स्टॉकहोमच्या ऑलिंपिक मैदानात हान्स गुंटर विंकलर या जर्मन स्वाराची नेमकी ही मांडच गेली. जांघेतला स्नायू फाटला. आणि दुसरी फेरी अजून व्हायची होती.

त्या वर्षीचं ऑलिंपिक खरं तर मेलबर्नचं. पण परदेशी घोडे देशात घेण्याबाबतचे ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे नियम इतके कडक, की अश्वस्पर्धा तेवढ्या उचलून पाच महिने आधी स्वीडनमध्ये भरवल्या गेल्या. माणसं एका खंडात, घोडे दुसऱ्या.

विंकलरच्या घोडीचं नाव हाला. मूळ उच्चार आपल्या 'हल्ला'च्या जवळ जातो, आणि तिचा स्वभाव पाहता तसंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. जन्म मे १९४५चा, डार्मश्टाटजवळचा. जर्मनीने शरणागती पत्करली त्या महिन्यातलं हे शिंगरू. मालक गुस्टाव फिअरलिंग. बाप ओबर्स्ट हा दुडक्या चालीच्या, गाडीला जुंपून पळवायच्या शर्यतींतल्या जातीचा. आई हेलेने, तिच्या कुळाचा धड पत्ता नाही. उड्यांच्या स्पर्धेसाठी घोडा निवडणाऱ्या जर्मन जाणकारांनी अशा जोडीच्या पिलाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. ते ज्या उमद्या, नोंदवहीत सात पिढ्या असलेल्या हानोव्हर किंवा होल्श्टाइनच्या घोड्यांवर विसंबत, त्यांत ही कुमैत, किरकोळ अंगाची घोडी बसणारी नव्हती.

आधी तिला अडथळ्यांच्या शर्यतीत घातलं. मग वारेनडॉर्फला, ऑलिंपिकसाठी घोडे तयार करणाऱ्या राष्ट्रीय केंद्रात, तीन दिवसांच्या मिश्र स्पर्धेसाठी तिची चाचपणी झाली. ताकद होती, उडी होती, पण घोडी कोणाला ऐकेना. तिथल्या तज्ज्ञांनी हात टेकले. विंकलर तेव्हा पंचविशीतला, नाव व्हायचं होतं, हाताशी मोठा घोडा नव्हता. नकोशी झालेली घोडी त्याच्याकडे आली ती अशी. पुढे तो तिचं वर्णन करताना अर्धी अलौकिक बुद्धीची आणि अर्धी खुळी शेळी असं म्हणायचा.

तिला जमवताना त्याला एक गोष्ट उमगली, आणि या सगळ्या कहाणीची किल्ली मला तिथे दिसते: तिच्याशी ताकद लावून चालत नाही. टाच मारली, लगाम खेचला, की ती बिथरते. गप्प बसलं की स्वतः अंतर मोजते. चांगल्या स्वाराला काहीच न करणं सर्वांत जड जातं. विंकलर ते शिकला. १९५४ला माद्रिदमध्ये तो तिच्यासह जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी आखेनला त्याने ते पद राखलं.

आता स्टॉकहोम. उड्यांच्या स्पर्धेचे तेव्हाचे नियम असे: दांडा पडला की चार दोष, घोडा पहिल्यांदा अडला की तीन, दोन फेऱ्यांची बेरीज जितकी कमी तितकं बरं. संघात तिघे, आणि तिघांचीही बेरीज धरायची. बदली नाही, कच्चा गुण वगळायचीही सोय नाही. एक जण बाहेर पडला की संघच बाद. (याच वर्षी स्त्रियांना ऑलिंपिकच्या उड्यांत प्रथम उतरता आलं, ब्रिटनच्या पॅट स्माइदला संघाचं कांस्य मिळालं.)

पहिल्या फेरीत शेवटून दुसऱ्या अडथळ्यावर हालाने लवकर आणि प्रचंड उडी घेतली. विंकलर खोगिरातून उचलला गेला आणि आदळला. वेदनेत शेवटचा अडथळा आला. त्याचा दांडा पडला. चार दोष.

पुढच्या फेरीपर्यंत त्याला धड चालता येत नव्हतं. वेदनाशामक द्यावं तर डोकं बधिर होणार. मग औषध आणि त्यावर कडक काळी कॉफी. उचलून घोडीवर बसवलं. हालाला अडथळ्याच्या दिशेने वळवण्यापलीकडे त्याच्याने काही होणार नव्हतं. उडी घेताना स्वाराने पुढे झुकायचं आणि उतरताना मांडीने धक्का झेलायचा असतो. इथे प्रत्येक उतरणीला तो कळवळून ओरडत होता.

एकही दांडा पडला नाही.

एकूण चार दोष, वैयक्तिक सुवर्ण. इटलीचा रायमोंदो द इन्झेओ आठ दोषांसह दुसरा, त्याचा भाऊ पिएरो अकरांसह तिसरा. फ्रिट्झ थीडेमान आणि आल्फोन्स ल्यूटके-वेस्टह्यूस यांच्यासह संघाचे चाळीस दोष, तेही सुवर्ण. दुसऱ्या आलेल्या इटलीचे सहासष्ट.

धन्याचं दुखणं ओळखून घोडीने त्याला तारलं, अशी आख्यायिका मग जर्मनीभर झाली. आपल्याकडे चेतकाच्या गोष्टीवर वाढलेल्यांना ती लगेच पटेल. मला ती अर्धीच पटते. घोड्याच्या मनात काय होतं ते कोण सांगणार? पण इतकं दिसतं, की नेहमी स्वाराच्या इशाऱ्यावर उडणारा आज्ञाधारक घोडा त्या दिवशी पहिल्याच दांड्यापाशी गोंधळला असता. हालाला मात्र पाठीवर गप्प बसलेला माणूस नवा नव्हता.

१९६०ला रोममध्ये आणखी एक सांघिक सुवर्ण, आणि त्याच वर्षी हालाची निवृत्ती. वरच्या दर्जाच्या १२५ स्पर्धा तिच्या नावावर होत्या. विंकलर पुढेही ऑलिंपिक जिंकत राहिला, दुसऱ्या घोड्यांवर. त्याची पाच सुवर्णं झाली. तो २०१८ला वारला. जर्मन अश्वक्रीडा महासंघाने हाला हे नाव पुन्हा कोणत्याही स्पर्धक घोड्याला द्यायचं नाही असं ठरवलं. वारेनडॉर्फला, जिथे तिला नाकारलं होतं, तिथेच तिचा पुतळा आहे.

घोडी मात्र विंकलरची कधीच नव्हती. निवृत्तीनंतर ती फिअरलिंगकडे परत गेली आणि १९७९च्या मेमध्ये, चौतीस वर्षांची होऊन गेली. तिला आठ शिंगरं झाली. या वेळी बाप पारखून निवडले होते. एकालाही तिच्यासारखी उडी मारता आली नाही.