आवाज आणि शरीराचा तोल

बंगळूरच्या शिवाजीनगर भागात १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट आहे. तिन्हीसांजेला तेथील गर्दीतून वाट काढणाऱ्या एखाद्या वृद्धाची कल्पना करावी. पायांखाली ओली, उंचसखल जमीन आहे आणि अचानक वीज जाते. डोळे निरुपयोगी ठरतात. तळपायांकडून येणारी माहितीही भरवशाची राहत नाही. तरीही तो सहसा पडत नाही. याचे मुख्य श्रेय अंतर्कर्णाला द्यावे लागेल.

अंतर्कर्णात दोन इंद्रियांचे एकत्र बिऱ्हाड असते. शंखासारख्या वेटोळ्या भागाने आपण ऐकतो. शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन चिमुकल्या पिशव्या मस्तकाची हालचाल मेंदूला कळवितात. त्यांतील द्रवही समाईकच. मग प्रत्येक आवाजासरशी माणसाला घेरी का येत नाही? मध्यकर्णातील रिकिबीच्या आकाराचे हाड एका खिडकीतून द्रवाला धक्का देते, आणि पातळ पडद्याने झाकलेली दुसरी खिडकी तेवढीच बाहेर फुगते. लाट शंखातून जाते ती यामुळे. नलिका मात्र कठीण हाडात बंदिस्त असल्याने लाटेला तिकडे वाट नसते.

त्या हाडाला छिद्र पडले, की ही व्यवस्था कोलमडते. इटालियन शास्त्रज्ञ पिएत्रो टुल्यो यांनी कबुतरांच्या नलिकांना छिद्रे पाडली, तेव्हा मोठ्या आवाजाने पक्ष्यांचे डोके व डोळे हलू लागले. हे संशोधन १९२९ साली प्रसिद्ध झाले. माणसातील असाच विकार लॉइड मायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली वर्णिला. असा रोगी मोठ्या आवाजाने झोकांडी खातो. काहींना तर स्वतःचे डोळे फिरल्याचाही आवाज ऐकू येतो. अशी तक्रार मनाचा खेळ म्हणून उडवून लावणे सोपे, पण चुकीचे असते.

निरोगी माणसाला आवाज बहुधा साहाय्यच करतो. एकाच जागेवरून येणारी दुकानदाराची हाक अंधारात रोवलेल्या खुंटासारखी उपयोगी पडते. शरीर डुलले, की दोन्ही कानांवर येणाऱ्या आवाजात किंचित फरक पडतो आणि त्यावरून मेंदू ते डुलणे आवरतो. धावत्या बसचा आवाज या कामी फारसा उपयोगाचा नाही.

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४० ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे दोन हजार व्यक्तींचा विचार केला होता. २५ डेसिबेल श्रवणदोष असणारी व्यक्ती वर्षभरात पडलेली असण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. एवढ्यावरून बहिरेपणामुळेच माणूस पडतो, असे सिद्ध होत नाही. कदाचित दोन्ही इंद्रिये बरोबरच झिजत असतील. किंवा ऐकण्याच्या खटाटोपात मेंदूची शक्ती खर्च होऊन चालण्याकडील लक्ष कमी होत असेल.