माहितीपुस्तिका लिहिणे हाही एक हुन्नर

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांतील यंत्रमाग कारखान्यांत परदेशी बनावटीचे रॅपिअर माग आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. मागाबरोबर पेटीतून एक जाडजूड पुस्तकही येते. ते बहुधा मालकाच्या टेबलाच्या खणात पडून राहते, कारण ते इंग्रजीत असते आणि तेही दुसऱ्या भाषेतून ओढूनताणून केलेल्या इंग्रजीत. माग बिघडला की जॉबरला बोलावणे जाते. जॉबर दुसऱ्या कारखान्यात अडकलेला असेल तर माग बंद, आणि त्या दिवसाची मजुरीही बंद.

हे पुस्तक कोणीतरी लिहिलेले असते व लिहिणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालेला असतो, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात येत नाही. या कामाला टेक्निकल रायटिंग म्हणत. आता टेक्निकल कम्युनिकेशन हे नाव रूढ झाले आहे. आपल्या घरातली मुले आय.टी.आय. किंवा डिप्लोमा करतात आणि फिटर, वायरमन, टर्नर होतात. यंत्र समजून घेऊन ते दुसऱ्याला कागदावर समजावून देणे हीदेखील नोकरी आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

काम कोठे मिळते? पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत सर्वांत जास्त. त्याखेरीज मोटारगाड्या, शेतीची अवजारे, पंप, वैद्यकीय उपकरणे बनविणाऱ्या कारखान्यांतही लेखक लागतात. त्यामागे कायदाही आहे. युरोपात यंत्र विकायचे असेल तर वापराच्या सूचना त्या त्या देशाच्या भाषेत देणे 2006 च्या यंत्रविषयक निर्देशाने बंधनकारक केले. त्याच्या जागी येणारा 2023 चा नियम 20 जानेवारी 2027 पासून लागू व्हायचा आहे. त्यात पुस्तक छापण्याऐवजी संगणकावर देण्याची मुभा आहे, पण सूचनांतून सुटका नाही. म्हणजे पुण्याच्या किंवा राजकोटच्या कारखानदाराने जर्मनीला यंत्र पाठविले आणि पुस्तिका नीट नसली, तर लोखंड कितीही चांगले असो, माल अडतो.

आपल्या देशातही कीटकनाशकांच्या पुड्यावरचा मजकूर व सोबतचे पत्रक हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेत छापावे, असा 1971 चा नियम आहे. तरी 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला कारणे अनेक होती. औषधांचे मिश्रण, तोंडाला व हाताला संरक्षण नसणे, ही त्यांतली काही. पण बारीक टाइपातले, कठीण शब्दांचे पत्रक शेतात उभ्या असलेल्या मजुराच्या किती उपयोगाचे, हा प्रश्न उरतोच. साधे लिहिणे हे शोभेचे काम नव्हे.

आता या कामातली खुबी पाहा. एका सूचनेत लिहिले आहे : ‘बीम बसवून बोल्ट आवळावेत, तत्पूर्वी मोटारीचा मेन स्विच बंद केलेला असावा.’ व्याकरणात काही चूक नाही. परंतु कारागीर एक हात पुस्तकावर व दुसरा यंत्रावर ठेवून वाचतो. ‘तत्पूर्वी’पर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा हात बीमपाशी गेलेला असतो. जाणकार लेखक लिहील : मेन स्विच बंद करा. माग पूर्ण थांबू द्या. बीम बसवा. बोल्ट आवळा. विमानउद्योगाने 1980 च्या दशकात यासाठी सोप्या इंग्रजीचे नियमच ठरविले. एका शब्दाला एकच अर्थ. कृतीच्या सूचनेचे वाक्य 20 शब्दांहून मोठे नको. इंग्रजी शाळेत न शिकलेल्या मुलाला हे नियम उलट सोयीचे आहेत, कारण येथे अलंकारिक भाषेचे गुण मिळत नाहीत.

हा हुन्नर नवा नाही. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील कारागीर अल-जझरी याने 1206 साली आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. पन्नास यंत्रे, त्यांच्या आकृत्या, मापे, कोणता भाग कशाचा व कसा जोडायचा, हे सारे त्यात आहे. स्वतःच्या हाताने काम केलेल्या माणसाचे ते लिखाण आहे. 1976 साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्याच्या वर्णनावरून पाण्याचे घड्याळ पुन्हा उभारण्यात आले. 770 वर्षांनी! आपल्याकडचे किती उस्ताद आपली विद्या कोठेही न लिहिता गेले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

फायद्यांविषयी बोलायचे तर भांडवल लागत नाही. संगणक व वाचनाची सवय पुरते. घरी बसूनही बरेच काम करता येते, म्हणून शिकलेल्या मुलींनाही हे क्षेत्र मोकळे आहे. वय वाढले म्हणून किंमत उतरत नाही. यंत्राची जाण वाढते तसा मान वाढतो. शिवाय रोज नवे शिकण्यास मिळते, कारण इंजिनीअरला प्रश्न विचारत बसणे हेच निम्मे काम.

पण नुसती गुलाबी बाजू सांगणे बरे नव्हे. आता मजकुराचा कच्चा खर्डा संगणक क्षणात तयार करून देतो. अमेरिकेतील या व्यवसायाची 1953 पासूनची मोठी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी 2025 मध्ये बंद पडली. केवळ इंग्रजी नीटनेटके करून देणाऱ्याचे दिवस कठीण आहेत. मात्र मागाचा आवाज बदलला म्हणजे नेमके काय ढिले झाले, हे संगणकाने ऐकलेले नसते. ते जॉबरला ठाऊक असते, आणि जॉबरच्या मुलाला ते विचारण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

सुरुवातीला मोठी फी भरण्याची गरज नाही. गुगल कंपनीचे या विषयावरील प्राथमिक अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. त्याबरोबर घरच्या कारखान्यातील एकच काम निवडावे, उदाहरणार्थ तुटलेला धागा जोडून माग पुन्हा चालू करणे, आणि त्याच्या सूचना दोन पानांत लिहाव्यात. मग ती पाने नवख्या मुलाच्या हाती देऊन स्वतः तोंड बंद ठेवून उभे राहावे. तो जेथे अडेल तेथे खूण करावी व तेवढे पुन्हा लिहावे. असे चार-पाच नमुने इंग्रजीत व मराठीत तयार झाले की अर्जाला जोडावेत; मुलाखतीत ‘लिहिलेले काही दाखवा’ असे हमखास विचारतात.