बोटाला टेकू हवा

ड्रायव्हिंग शिकायला येणाऱ्यांना मी आधी उभ्या गाडीत बसवते. नजर समोर ठेवून वायपर, दिवे, इंडिकेटर, हॉर्न नुसत्या हाताने शोधायला लावते. चार दिवसांत हात आपसूक जागेवर जातो. मोठ्या स्क्रीनच्या गाड्यांत ही सवय लागतच नाही. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, त्यामुळे दर वेळी बघावंच लागतं.

पावसाळ्यात आंबा घाटात पुढची काच आतून धुरकटते. पूर्वी एक खटका फिरवला की वारा काचेवर यायचा. आता काही गाड्यांत स्क्रीनवर आधी एसीचं पान उघडा, मग त्यात काचेचं चित्र शोधा. रस्ता दिसेनासा झालेला असतानाच नजर रस्त्यावरून काढायची! त्यात चाक खड्ड्यात गेलं की बोट भलत्याच चौकोनावर पडतं. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद खाली पाहिलं, तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

स्वीडनमधल्या ‘वी बिलॅगारे’ मासिकाने २०२२ मध्ये बटणं आणि स्क्रीन यांची तुलना करणारी चाचणी घेतली. ताशी ११० च्या वेगात रेडिओ लावणं, एसीचं तापमान बदलणं अशी चार कामं करायची होती. बटणांची २००५ ची व्होल्व्हो दहा सेकंदांत मोकळी झाली. स्क्रीनवाल्या एका नव्या गाडीला ४४.६ सेकंद लागले. तेवढ्यात ती १,३७२ मीटर गेली होती. आणि चालकांना सरावाला आधी वेळ दिला होता!

गाड्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेच्या २०२६ च्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारं बटण किंवा दांडी नसेल, तर गुण कापले जातात. काचेवरची वाफ घालवणारं बटण या यादीत नाही. आपल्या घाटांसाठी ते मला हवंच आहे.

स्क्रीन राहणारच असेल, तर चौकोन मोठे आणि कायम एकाच जागी हवेत. बोट टेकताच नव्हे, उचलल्यावर काम व्हावं, म्हणजे चुकलेलं बोट सरकवून बाजूला नेता येतं. खाली तळवा टेकायला कडा हवी. कडेवर अंगठा रोवला की धक्क्यातही बोट हलत नाही, हे मी रोज पाहते.

नकाशा, गाणी निघण्याआधीच लावा. आणि गाडी घेताना शोरूममध्ये नजर समोर ठेवून वारा काचेवर वळवून बघा. जमलं नाही, तर दुसरी गाडी दाखवायला सांगा.