बोलण्याने दारू सुटते काय?

व्यसनमुक्तीवर व्याख्यान आहे असे जाहीर झाले, की सभागृहात दोन प्रकारचे श्रोते येतात. काहींच्या घरी कोणी पीत नाही. ते वेळेवर येऊन पुढच्या रांगेत बसतात. काहींच्या घरी कोणीतरी पितो. ते उशिरा येतात, दाराशी बसतात आणि आभारप्रदर्शनापूर्वी उठून जातात. आजचे विवेचन मुख्यतः दाराशी बसलेल्यांसाठी आहे. पुढच्या रांगेने राग मानू नये.

दाराशी बसलेल्यांची पहिली शंका मला ठाऊक आहे. "बोलून काय व्हायचे? दहा वर्षे बोलतोच आहोत की!" खरे आहे. आई रडून बोलली, बायको भांडून बोलली, मेहुण्याने दम दिला, गावाहून थोरले काका आले आणि रात्रभर समजूत घालून गेले. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली. आठ दिवस बरे गेले आणि नवव्या दिवशी गृहस्थ पुन्हा भिंतीचा आधार घेत जिना चढले. मग खुर्ची टाकून समोर बसलेला एक परका समुपदेशक असे काय निराळे बोलणार? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही त्याच हकीकतीत आहे. त्या दहा वर्षांत सर्वजण बोलले. तो एकटा बोललाच नाही. फार तर "हो, सोडतो" म्हणाला, आणि तेही समोरच्याने थांबावे म्हणून. बोलण्याच्या उपचारात हा क्रम उलटा होतो.

आपल्या रंगभूमीने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकराची घसरण आपल्याला पाठ असते: सनद जाते, तळीराम पहिला पेला हाती देतो, पुढे सिंधूचे हाल. पण मधला एक प्रसंग आपण पुरता लक्षात घेत नाही. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. निश्चय खोटा नसतो. नोकरीसाठी तो ओळखीच्यांकडे जातो, तेथे अपमान होतो, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. आता आपले सुटणे नाही, असे तो बुद्धिवंताला शोभेल अशा युक्तिवादाने सिद्धही करतो. रामलालासारखा सज्जन मित्र जवळ होता, सिंधूसारखी पत्नी होती, निश्चय होता. काय नव्हते? अपमान होऊन परतताना त्या रस्त्यावर काय करायचे, हे त्याच्याशी आधी कोणी बोलले नव्हते.

पुढे जाण्यापूर्वी एक मर्यादा सांगतो, कारण तिच्यात जिवाचा प्रश्न आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली, तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस नसलेली माणसे पाहू लागतो. ही अवस्था प्राणावर बेतू शकते. तिच्यावर समुपदेशनाचा काडीचा उपयोग नाही. तेथे डॉक्टर हवा, औषध हवे, पुष्कळदा दवाखान्यात राहणे हवे. "आजपासून बंद" अशी घरगुती आज्ञा म्हणूनच धोक्याची असते. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या, रुग्णाला न कळत दारू सोडवण्याच्या जाहिरातींना तर कोणीही भुलू नये. डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो, क्वचित मृत्यूही येतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने ते उपयोगी पडते. चहातून चोरून दिले तर तो विषप्रयोगच म्हटला पाहिजे.

आठ-दहा दिवसांत शरीर सावरते, आणि येथे बहुतेक कुटुंबांची फसगत होते. चेहरा उजळला, भूक लागली, म्हणजे काम झाले असे वाटते. वास्तविक शरीरातली दारू गेलेली असते, दारूभोवती बांधलेला दिनक्रम, तिच्या आधाराने दाबलेली भीती आणि "ती नाही तर मी संध्याकाळी सात वाजता कोण?" हा प्रश्न जागच्या जागी असतो. बोलण्याचे काम येथून सुरू होते.

ते कसे चालते, याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. आपल्या भाईंदर पूर्वेतलेच घेऊ. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचे काम करणारे एक चाळिशीचे गृहस्थ. रोज संध्याकाळी क्वार्टर, पगाराच्या दिवशी मोजदाद नाही. बायकोने हट्ट धरला म्हणून आले.

"घरचे म्हणाले म्हणून आलो, साहेब. मी काही दारुडा नाही."

आपण असतो तर येथेच वाद पेटला असता. समुपदेशक म्हणतो, "म्हणजे घरच्यांना वाटते तेवढी काळजी तुम्हांला वाटत नाही. बरे, संध्याकाळी घेतल्याने तुम्हांला काय मिळते?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेला नाही. "अंग दुखायचे थांबते. दिवसभर मोटरीच्या आवाजात उभा असतो मी. डोके शांत होते, झोप लागते."

"आणि तिच्यातले न आवडणारे असे काही?"

बराच वेळ काही नाही. मग, "परवा पोरीच्या शाळेत कार्यक्रम होता. आधी या म्हणाली. मग म्हणाली, नको बाबा, आई एकटीच येऊ दे."

"असे का म्हणाली असेल?"

"वास येतो ना."

समुपदेशकाने येथे उपदेशाचा मोह आवरला पाहिजे. हे दोन शब्द बायकोने शंभर वेळा ऐकवले असतील. ते कानावरून गेले. आज ते स्वतःच्या तोंडून निघाले, म्हणून त्यांचे वजन निराळे. मनुष्य दुसऱ्याने सांगितलेल्या कारणाशी भांडू शकतो. स्वतः उच्चारलेल्या कारणाशी भांडणे त्याला जड जाते.

ही नुसती कविकल्पना नव्हे. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या पद्धतीची पहिली मांडणी केली. पुढे १९९३ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितके त्या माणसाचे पिणे वर्षभरानंतर अधिक होते. थोरल्या काकांच्या रात्रभराच्या समजुतीचे काय झाले असेल, ते यावरून कळते.

या पद्धतीतली एक छोटी युक्ती सांगण्यासारखी आहे. समुपदेशक विचारतो, "शून्य ते दहा अशी पट्टी धरली, तर दारू सोडणे तुम्हांला किती महत्त्वाचे वाटते?" गृहस्थ म्हणतात, "चार." आपण लगेच विचारू, "फक्त चार? आठ का नाही?" आणि मग न सोडण्याची चार कारणे ऐकावी लागतील. जाणता समुपदेशक विचारतो, "चार का? दोन का नाही?" याचे उत्तर द्यायचे, तर त्या गृहस्थांना सोडण्याची कारणेच शोधावी लागतात! प्रश्नाचे तोंड फिरवले, की माणूसही थोडा फिरतो.

कारण सापडले, तरी सुधाकराचा रस्ता उरतोच. त्याचे उत्तर अॅलन मार्लेट या संशोधकाने दिले. पुन्हा घसरण्याविषयीचा त्याचा ग्रंथ १९८५ चा. लोक पुन्हा पितात ते बहुधा ठराविक कोंडीत: मन खिन्न असताना, भांडण झाल्यावर, किंवा मित्रांनी आग्रह केल्यावर. म्हणून समुपदेशक आपल्या पॉलिशवाल्या गृहस्थांशी इच्छाशक्तीवर बोलत नाही, संध्याकाळवर बोलतो. गाळा कधी सुटतो? सोबत कोण असते? नवघर रोडने घरी जाताना तो बार लागतो का? मग दुसरा कोणता रस्ता आहे? निघताना पोटात काही असते काय? रिकाम्या पोटी आणि थकल्या अंगाने ओढ अधिक लागते, हे साधे ज्ञान. पण निघण्यापूर्वी दोन केळी खाल्ल्याने कित्येक संध्याकाळी वाचतात. ओढ ही लाटेसारखी असते. चढते, माथ्यावर येते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तो अर्धा तास जेसल पार्कच्या चौपाटीवर खाडीकडे तोंड करून काढायचा, की बहिणीला फोन करून, हे आधी ठरवून ठेवावे लागते. मित्राच्या "एकच घे रे"ला द्यायचे उत्तरही तेथेच घोटून घेतात. समुपदेशक स्वतः तो मित्र होतो आणि आग्रह करतो. पहिल्या दोन-तीन वेळा गृहस्थांना नाही म्हणता येत नाही. ते तेथे न येणे पुष्कळ बरे.

आणि तरीही एखाद्या दिवशी प्यायले गेले तर? मार्लेटचे सर्वांत मोलाचे निरीक्षण मला हेच वाटते. पहिल्या पेल्याइतकाच, किंबहुना अधिक, घात करतो तो त्यानंतरचा विचार: "झाले! मी असाच. आता काय राहिले?" एका पेल्याची चूक मग महिन्याची होते. सुधाकराचा युक्तिवाद नेमका हाच होता. या विचाराला उलटतपासणी लावण्याचे काम विवेकनिष्ठ उपचारपद्धती करते. अल्बर्ट एलिसने ती १९५५ मध्ये सुरू केली. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले आणि मराठीत पुस्तके लिहिली. "मला हे सहनच होत नाही" हे वाक्य खरे, की "सहन करणे कठीण आहे" हे खरे, एवढ्या फरकावर ती अर्धा तास बोलायला लावते. शब्दच्छल वाटेल, पण पहिल्या वाक्याचा शेवट बारमध्ये होतो.

आतापर्यंत दोन खुर्च्यांचे बोलणे झाले. दहा-वीस खुर्च्या वर्तुळात मांडून होणारे बोलणे याहून जुने आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल ओहायोतल्या अॅक्रन गावी होता. धंद्याचे काम फसले होते, दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते, आणि हॉटेलच्या बारमधून गलका ऐकू येत होता. त्याच्या लक्षात आले, की आपल्याला या क्षणी दुसरा एखादा मद्यपी हवा. त्याच्याशी बोललो तर आपण वाचू. गावातल्या धर्मगुरूंना फोन करत करत त्याने डॉक्टर बॉब स्मिथ या पिणाऱ्या शल्यवैद्याला गाठले. डॉक्टरांनी पंधरा मिनिटे कबूल केली होती. बोलणे काही तास चालले. त्याच वर्षीचा १० जून हा 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'चा स्थापनादिन मानतात. आपल्या देशात ही चळवळ १९५७ पासून आहे. तिच्या सभेत कोणी कोणाला उपदेश करत नाही. प्रत्येकजण आपली हकीकत सांगतो. ज्याला आयुष्यभर वाटले की एवढा नीच मीच एकटा, त्याला शेजारच्या खुर्चीवरून आपलीच हकीकत ऐकू येते. ती लाज वाटून घेतल्याने हलकी होते.

पुण्याच्या मुक्तांगणाने याला मराठी घराचे रूप दिले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या, अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी आर्थिक साहाय्य दिले आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र उभे राहिले. सुमारे पाच आठवड्यांचा मुक्काम, त्यात गटचर्चा, आणि समुपदेशकांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेले लोक. रुग्णाला तेथे रुग्णमित्र म्हणतात. पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे, आणि माझ्या मते ही त्या संस्थेची मोठी सूझ होय. कारण दहा वर्षे नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून अंदाज बांधणाऱ्या बाईलाही कोठेतरी बोलायला हवेच. आपल्याला पुण्यापर्यंत जाणे जमले नाही, तर ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्यसंस्था आहे, आणि फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केलेल्या 'कृपा फाउंडेशन'चे केंद्र खाडीपलीकडे वसईत आहे.

"हे सारे मोठ्या डॉक्टरांचे काम," असे कोणी म्हणेल. येथे गोव्याचा प्रयोग ध्यानात घ्यावा. तेथील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत ३७७ पुरुषांवर तो झाला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीची सेवा मिळाली. अर्ध्यांना त्याखेरीज समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. समुपदेशक कोण? गावातलेच, शालेय शिक्षण झालेले, या कामाचे पूर्वी कोणतेही प्रमाणपत्र नसलेले, पण नीट तयार केलेले लोक. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा आदल्या पंधरवड्यात अजिबात न प्यालेले पहिल्या गटात शंभरात १८ होते, दुसऱ्यात ४२. वर्षाने पाहिले तेव्हाही फरक टिकून होता. हे पुरुष अपायकारक प्रमाणात पिणारे होते. दारूवाचून अंग थरथरण्याच्या टप्प्याला पोचलेल्यांची गोष्ट वेगळी, हे विसरू नये. आणि शंभरातले ५८ त्यानंतरही पीत होते, हेही सांगितले पाहिजे. बोलणे हा मंत्र नव्हे.

आपल्या देशात मात्र अडचण त्याच्या आधीची आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळतो. उरलेले सदतीस घरीच असतात, आणि त्यांच्याशी घरचे लोक आपापल्या परीने बोलत असतात.

म्हणून शेवटी त्या घरच्यांच्या बोलण्याविषयी. प्यालेल्या माणसाशी रात्री बोलू नये. ते सकाळी त्याला आठवत नाही आणि तुमची झोप मात्र जाते. सकाळी, चहा झाल्यावर, एकच घडलेली गोष्ट सांगावी. "तुम्ही असेच आहात" यापेक्षा "काल तुम्ही जिन्यात पडलात, मुलगा घाबरून रडत होता, मलाही भीती वाटली," हे बरे. त्याच्या वतीने गाळ्यावर "ताप आहे" असे खोटे कळवणे थांबवावे. मारहाण होत असेल, तर समजूत घालत बसू नये, मुलांना घेऊन आधी सुरक्षित जागी जावे. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्याची १४४१६. दुसरीवर मराठीतही बोलता येते. पहिला फोन पिणाऱ्यानेच करावा असा नियम नाही. बायकोने, आईने, मोठ्या मुलीने केला तरी चालतो, आणि आधी तिचेच ऐकून घेतात.